ब्रेक दाबला की गाडी थरथरते: डिस्कला दोष देण्याआधी काय काय तपासायचं

समृद्धी महामार्गावरून धामणगावला किंवा मेहकरला खाली उतरताना वेग शंभराच्या वरून चाळीसवर आणावा लागतो. ब्रेकवर पाय पडताच स्टेअरिंग हातात फडफडायला लागलं, की गाडीत काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा लक्षात येतं. बिघाड मात्र त्या दिवशीचा नसतो. गावच्या रस्त्याला खड्डे आणि गतिरोधक सांभाळत गाडी तीस-चाळीसने चालते, तिथे तो महिनोन्‌महिने दबून राहतो. १६५/८० आर १४ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण १.९५ मीटर अंतर कापतो. म्हणजे ८०च्या वेगाला चाक सेकंदाला अकराच्या वर फेरे मारतं, आणि ब्रेकच्या डिस्कवर (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर) एकच उंचवटा असला तरी तेवढेच धक्के स्टेअरिंगला बसतात. स्टेअरिंग आणि सस्पेन्शन हलवायला नेमकी हीच गती पुरते. ३०च्या वेगाला ते धक्के चारवर येतात आणि रस्त्याच्या हादऱ्यांत हरवून जातात.

गॅरेजमध्ये यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "डिस्क बेंड झाली, जोडी बदलून टाका." जोडी बदलली की थरथर थांबतेही. पाच-सात हजार किलोमीटर झाले की परत सुरू होते. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसतेच, असमान झिजलेली असते. आणि ती तशी झिजते ती बसायची जागा गंजल्यामुळे, चाकाचे नट वेडेवाकडे आवळल्यामुळे किंवा कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून धरणारा भाग) जाम असल्यामुळे. ते कारण तसंच ठेवून नवी डिस्क चढवली, तर तीही त्याच वाटेने जाते.

थरथर नेमकी कधी आणि कुठे

सकाळी रस्ता मोकळा असताना गाडी सरळ, कोरड्या डांबरी रस्त्यावर घ्या. मागे गाडी नसावी. ८०पर्यंत वेग न्या आणि ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, अॅक्सिलरेटर सोडून द्या. ब्रेकशिवायच थरथर असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि चाकं बघा: बॅलन्सिंग, टायरचा फुगा, वाकलेली रिम. वेग वाढवतानाच थरथर आणि सोडल्यावर शांत, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट संशयित आहे.

पावसाळ्यात इथे आणखी एक गोष्ट घडते. पांदण रस्त्याने वावरात जाऊन आलेल्या गाडीच्या रिममध्ये आतल्या बाजूने काळी माती बसते आणि उन्हाने वाळून सिमेंटसारखी घट्ट होते. बाहेरून गाडी धुतली तरी ती आत तशीच राहते. बॅलन्सिंगची शिशं पाच-पाच ग्रॅमच्या फरकाने लावतात. इथे एका बाजूला शंभर-दीडशे ग्रॅमचं ढेकूळ चिकटलेलं असतं. पाण्याच्या जोराने आणि लाकडी पट्टीने ते खरवडून काढा, मग पुढच्या चाचण्या करा.

आता ८०वरून ३०पर्यंत हलका, एकसारखा ब्रेक लावा. घाबरून जोरात दाबू नका, हलक्या ब्रेकमध्येच थरथर नीट कळते. स्टेअरिंग डावी-उजवीकडे हललं तर दोष पुढच्या चाकांत. स्टेअरिंग शांत, पण सीट, फ्लोअर किंवा कंबरेखाली हादरे आले तर मागचं बघा. पॅडल पायाला एका लयीत वर ढकलत असेल, तर डिस्कची जाडी कमी-जास्त झाली आहे किंवा मागचा ड्रम गोल राहिलेला नाही.

मागच्या ड्रमची खात्री हँडब्रेकने होते. ४०च्या वेगाला बटण दाबून धरूनच लिव्हर हळूहळू ओढा आणि लगेच सोडा. रस्ता कोरडा, सरळ आणि रिकामा पाहिजे. गिट्टीवर किंवा वळणावर हे करू नका. बटणावर चालणारा इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाडीत तर करूच नका. हँडब्रेकवर तीच थरथर आली, तर दोष मागे आहे.

एबीएसची (चाक जागीच अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) गाडी असेल आणि गिट्टी-मुरमावर जोराचा ब्रेक मारला, तर पॅडल कटकट करत पायाला टोचतं. तो एबीएस काम करत असल्याचा आवाज आहे, दुरुस्त करायचं त्यात काही नाही. २०१९च्या एप्रिलपासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्यांना हा प्रकार बरेचदा बिघाड वाटतो. कोरड्या डांबरावर हलक्या ब्रेकलाच तसं होत असेल, तर मात्र चाकाचा सेन्सर किंवा त्याच्यावर साचलेला चिखल बघावा लागेल.

ब्रेक मारताना खर्र-खर्र असा लोखंडाला लोखंड घासल्याचा आवाज, गाडी एका बाजूला ओढणं, पॅडल खाली जाणं, चाकाच्या आत ब्रेक ऑइलचा ओघळ किंवा डिस्कला कडेपर्यंत गेलेली चीर, यातलं काहीही दिसलं तर चाचण्या थांबवा. गाडी ओढून न्यायची आहे.

डिस्क असमान झिजते कशी

समजा हबवर, म्हणजे डिस्क जिथे टेकते त्या तोंडावर, एका बाजूला गंजाची पापडी आहे. डिस्क त्यावर चढून बसते आणि फिरताना कडेला ०.१५ मिलिमीटर डोलते. इतक्या डोलण्याने लगेच काही जाणवत नाही, कारण कॅलिपर पिनांवर सरकून तेवढं सावरून घेतो. पण ब्रेक सोडलेला असतानाही डिस्कचा तो बाहेर आलेला भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला चाटून जातो आणि त्याच जागी थोडा थोडा झिजतो. काही हजार किलोमीटरमध्ये त्या जागेची जाडी इतरांपेक्षा ०.०२ मिमीने कमी होते. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो. म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या फरकाने अख्खी गाडी थरथरते. नवी डिस्क सुरुवातीला गुळगुळीत चालून नंतर का बिघडते, त्याचं उत्तर हेच.

दुसरा प्रकार पॅडचा थर चिकटण्याचा. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ब्रेकच्या भरवशावर गाडी आणली, तर डिस्क तापते. खाली आल्यावर कुठे थांबावं लागलं आणि पाय पॅडलवर तसाच दाबून ठेवला, तर तापलेल्या पॅडचं मटेरियल डिस्कवर त्याच्या आकारात छापलं जातं. नंतर थंड डिस्कवर तेवढा पट्टा काळपट-निळसर दिसतो. हे छाप जास्त घर्षण करतात, म्हणून तिथे आणखी थर चढतो.

तापलेल्या डिस्कसह गाडी रपट्यावरच्या पाण्यात घातली, किंवा मे महिन्यात पारा ४५च्या वर असताना लांबून आणून लगेच वॉशिंग सेंटरवर चाकांवर फवारा मारला, तर मात्र डिस्क खरोखर वाकडी होऊ शकते. दहा-पंधरा मिनिटं गाडी उभी ठेवली की हा धोका टळतो. पावसाळ्यात पंधरा दिवस न हललेल्या गाडीला वेगळाच छाप येतो: पॅडखालचा भाग सोडून बाकीच्या डिस्कवर गंज. वरवरचा असेल तर दहा-बारा ब्रेकांत निघतो, खोल खड्डे पडले तर लेथ किंवा नवी डिस्क.

आणि नट. पंक्चरवाल्याकडची हवेची गन नट कितीही आवळते, शिवाय एकाला जास्त, एकाला कमी. गन नसेल तिथे पान्याला पाइप घालून त्यावर उभं राहण्याची पद्धत आहे. साठ किलोचा माणूस ४० सेंटिमीटर लांब पान्यावर उभा राहिला, तर नटावर २३५ न्यूटन-मीटरच्या आसपास जोर येतो. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० लागतो. अशा असमान दाबाने रिम आणि हबच्या मध्ये पकडलेली डिस्क ताणली जाते आणि डोलायला लागते. चाक काढून घातल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत थरथर सुरू झाली असेल, तर सगळ्यात आधी इथेच बघा. नट सैल करून, नीट क्रमाने पुन्हा आवळून काही गाड्या पैसा न लागता बऱ्या होतात.

चाक उघडण्याची तयारी

जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), चाकाचा पाना, १२, १४ आणि १७चे रिंग पाने, सी-क्लॅम्प, वायर ब्रश, १२० नंबरचा पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा डबा आणि ब्रेकसाठीची सिलिकॉन ग्रीस. ट्रॅक्टरची पिवळी ग्रीस इथे चालत नाही, ती पिनांवरचे रबराचे बूट (टोपणं) फुगवते आणि तापली की वाहते. डायल गेज (डिस्कचं डोलणं काट्यावर दाखवणारं) आणि मायक्रोमीटर (जाडी मोजणारं) विकत घ्यायची गरज नाही. तालुक्याच्या लेथवाल्याकडे दोन्ही असतात आणि तासाभरासाठी त्याला गाडीपाशी बोलावता येतं.

जमीन काँक्रीटची किंवा फरशीची बघा. काळ्या मातीत जॅक खचतो, वरून वाळलेली दिसली तरी. पर्याय नसेल तर जॅकखाली दीड-दोन इंच जाडीची रुंद फळी ठेवा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गोटे लावा, गाडी घोडीवर टेकवा. विटांवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, वीट इशारा न देता फुटते. पॅडची भुकटी फुंकून किंवा कंप्रेसरने उडवू नका; क्लीनर मारून ओलीच पुसून काढा.

तपासणी, एका पुढच्या चाकापासून

१. गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करताना प्रत्येकाला किती जोर लागतो ते लक्षात ठेवा. एक नट मुकाट्याने फिरला आणि शेजारच्यासाठी पाइप लागला, तर अर्धं निदान तिथेच झालं.

२. चाक उचलून वर-खाली (घड्याळाच्या १२ आणि ६वर) धरून हलवा. खटखट असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग ९ आणि ३वर धरून हलवा; तिथली खटखट बहुधा टाय रॉड एंड किंवा रॅकची असते. बेअरिंग ढिलं असेल तर पुढची मोजमापं निरुपयोगी आहेत, आधी ते बदला.

३. गिअर न्यूट्रल ठेवून चाक हाताने फिरवा. एका जागीच 'श्श... श्श' आवाज येतो? डिस्क आऊट आहे, म्हणजे डोलतेय. सगळीकडे सारखंच जड जातंय? कॅलिपर सुटत नाहीये. अशा वेळी ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा, ऑइलमधली हवा काढायचा) अर्धा फेरा सैल करा. ऑइलची चिळकांडी येऊन चाक मोकळं झालं, तर ऑइलचा दाब अडकून राहत होता. बहुतेक वेळा रबरी होज आतून सुजलेला असतो. तरीही चाक जडच राहिलं, तर पिस्टन किंवा पिन जाम आहे. निपल लगेच आवळा, आणि काम संपल्यावर त्या चाकाची हवा काढा.

४. चाक काढा. लूज डिस्क नुसती लटकते, म्हणून तीन-चार नट वॉशर घालून हलके आवळून ती हबला पक्की करा. आता डिस्क उजेडात बघा. निळे डाग, पॅडच्या आकाराचे पट्टे, नखाला लागणाऱ्या खोल रेघा, कडेला उभा राहिलेला काठ.

५. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचला. होजला लटकू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. दोन्ही पिना बोटांनी आत-बाहेर सरकल्या पाहिजेत. पान्याने फिरवाव्या लागत असतील तर त्या जाम आहेत. आतल्या आणि बाहेरच्या पॅडच्या जाडीत दोन मिमीहून जास्त फरक दिसला तरी हाच निष्कर्ष. पिस्टन सी-क्लॅम्पने मागे ढकलताना वर ऑइलची टाकी भरून वाहत नाही ना, यावर कोणालातरी लक्ष ठेवायला सांगा. ब्रेक ऑइल रंग खातं. पिस्टनच्या बुटाला चीर असेल आणि आत चिखलाचं पाणी गेलं असेल, तर पिस्टनवर गंजाचे खड्डे सापडतील. मग किट बदलल्याशिवाय इलाज नाही.

डायल लावणं

हा टप्पा गाळला जातो आणि तिथेच नव्या डिस्कचे पैसे वाया जातात. डायलचा स्टँड सस्पेन्शनच्या भक्कम लोखंडावर चिकटवा, टोक डिस्कच्या कडेपासून आत १० मिमीवर टेकवा, काटा शून्यावर आणा आणि डिस्क एक फेरा हळू फिरवा. डायलचा एक आकडा म्हणजे ०.०१ मिमी. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यातलं अंतर ०.०५च्या आत असेल तर उत्तम. ०.१०च्या वर गेलं की दुरुस्ती हवी. कंपनीच्या पुस्तकात वेगळी मर्यादा दिली असेल तर ती धरा.

आता जिथे काटा सर्वांत जास्त चढला तिथे डिस्कवर खडूने खूण करा आणि त्याच्या समोरच्या स्टडलाही (ज्यावर चाकाचा नट बसतो) खूण करा. डिस्क काढा, हब साफ करा, डिस्क एक भोक पुढे फिरवून पुन्हा बसवा आणि परत मोजा. चढ डिस्कवरच्या खुणेपाशीच राहिला तर दोष डिस्कचा. स्टडच्या खुणेपाशी राहिला, तर हब किंवा बेअरिंग वाकडं आहे, आणि अशा हबवर कितीही डिस्का बदला, फरक पडणार नाही. तिसरी शक्यताही असते: साफ केल्यावर काटा ०.१२वरून ०.०४वर येतो. म्हणजे सगळा खेळ गंजाचा होता.

डायल मिळत नसेल तर कॅलिपरच्या ब्रॅकेटला तार बांधून तिचं टोक डिस्कजवळ आणा आणि फिरवताना फट बघा. पण डोळ्याला दिसेल इतका दोष म्हणजे पाव मिलिमीटरचा. छोटा दोष यात सापडत नाही, आणि त्रास देणारा बरेचदा छोटाच असतो.

जाडीसाठी मायक्रोमीटर. डिस्कवर आठ समान जागी खडूच्या खुणा करा आणि सगळीकडे कडेपासून सारख्याच अंतरावर मोजा. सर्वांत मोठ्या आणि लहान आकड्यात ०.०२ मिमीपेक्षा जास्त फरक नको. व्हर्नियर कॅलिपर इथे फसवतो, त्याचे जबडे कडेच्या उंच काठावर टेकतात. बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. तिच्याखाली गेलेली डिस्क भंगारात.

दुरुस्ती

हबपासून सुरुवात. चिकटलेल्या डिस्कला हातोडीने ठोकण्याआधी तिच्यावर दोन आट्यांची भोकं आहेत का बघा. अनेक गाड्यांत त्यात एम ८चे बोल्ट बसतात. दोन्ही आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळले की डिस्क स्वतःहून बाहेर येते. ठोकावंच लागलं तर पॅड घासतो त्या भागावर कधीच नाही. काही जुन्या आणि जीपसारख्या गाड्यांत डिस्क हबला मागून बोल्ट केलेली असते, तिथे हब उतरवावा लागतो आणि बेअरिंगही उघडतं. ते घरच्या अंगणात करायचं काम नाही.

हबचं तोंड वायर ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने चकचकीत करा. गंज सर्वांत जास्त दोन जागी लपतो: प्रत्येक स्टडच्या बुडाभोवतीची कडी आणि मधल्या गोल उंचवट्याचा कोपरा. कानस वापरू नका, ती लोखंडच खाते. डिस्कची मागची बाजू आणि रिमची आतली बाजूही तशीच साफ करा. या जागांवर ग्रीसचा लेप लावायचा नाही. त्यात धूळ अडकते आणि पापडी परत तयार होते.

पिना ओढून काढा, चिकट जुनी ग्रीस पेट्रोलने नव्हे तर ब्रेक क्लीनरने धुवा, भोकंही आतून पुसा. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो. भोक भरून ग्रीस कोंबली तर पिन हवा दाबून परत बाहेर येते. वरची आणि खालची पिन बरेचदा वेगळी असते, एकीला रबराची बाही असते. त्यांची अदलाबदल झाली की कॅलिपर पुन्हा अडकतो. फाटलेला बूट तसाच ठेवला तर पहिल्याच पावसात पिन गंजते.

पॅडचे छाप हलके असतील तर १२० नंबरच्या पेपरने डिस्कच्या दोन्ही बाजू गोल-गोल घासा, पॅड सपाट फरशीवर पेपर ठेवून त्यावर घासा आणि पुढे दिलेल्या पद्धतीने ब्रेक बसवा. एवढ्यावर गाडी सुधारेलच असं नाही. छाप किती जुना आहे यावर ते अवलंबून आहे. जुना छाप लेथवरच निघतो.

लेथवर द्यायची तर आधी जाडी मोजा. कापल्यानंतर किमान जाडीच्या वर निदान अर्धा-पाऊण मिमी उरत असेल तरच द्या, नाहीतर पातळ डिस्क घाटात लवकर तापेल आणि वर्षभरात परत येईल. लेथवाल्याचा हात ट्रॅक्टरच्या आणि मोटरपंपाच्या कामावर बसलेला असतो, त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात. डिस्क बाहेरच्या कडेने चकमध्ये धरायची नाही; हबला टेकणाऱ्या तोंडावर आणि मधल्या भोकावर पकडायची. आणि टूल लावण्याआधी डायल लावून बघायचं. नाहीतर एक वाकडेपणा कापून दुसरा तयार होतो. दोन्ही बाजू एकाच पकडीत कापायच्या, डाव्या-उजव्या दोन्ही डिस्कवर सारखंच काम करायचं. जाडी काठावर असेल तर लेथचा खर्च नव्या जोडीत घालावा, हे आमचं मत.

नवी डिस्क आली की तिच्यावरचं गंजरोधक तेल क्लीनरने पूर्ण पुसा, पॅडही नवे घाला. जुने पॅड जुन्या डिस्कच्या रेघांना बसलेले असतात. बसवल्यावर पुन्हा डायल. नव्या डिस्कवरही.

नट हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग समोरासमोरच्या क्रमाने तीन फेऱ्यांत आवळा, शेवटची फेरी गाडी जमिनीवर टेकवून. टॉर्क पाना नसेल तर हिशोब सोपा आहे: २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला ४० किलोचा जोर म्हणजे ९८ न्यूटन-मीटर. नटाला तेल लावू नका, तेलकट आटा त्याच जोराला जास्त आवळला जातो.

मागचा ड्रम आणि ढिले बुश

मागचा ड्रम काढताना हँडब्रेक सोडलेला हवा. इथेही एम ८ची भोकं असतात. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. १८० मिमीचा ड्रम साधारण १८२ला बाद. आतला व्यास चार दिशांनी मोजा, ०.१० मिमीहून जास्त फरक असेल तर गोलाई गेली, लेथवर द्या. नाल्यातून गेलेल्या गाडीच्या ड्रममध्ये काळी माती लायनरसोबत (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांसोबत) पिठासारखी दळली जाते आणि झटके देते. ती धुऊन काढली तरी पुष्कळ फरक पडतो. लायनर ओलसर असेल तर व्हील सिलिंडर गळतोय, तो बदलल्याशिवाय नवे लायनर घालू नका. जिनिंगला क्षमतेपेक्षा जास्त कापूस भरून नेणाऱ्या पिकअप आणि छोट्या हत्तीच्या ड्रमना हा त्रास सर्वांत लवकर होतो. त्यात गरम ड्रमवर हँडब्रेक करकचून ओढून ठेवण्याची सवय भर घालते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला गोटा लावलेला बरा.

लोअर आर्मचे बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या खालच्या दांड्याच्या सांध्यातले रबर, हा फसवा भाग आहे. खडीच्या रस्त्यांनी ते फाटतात आणि डिस्कचा अगदी छोटा दोषही मोठा करून दाखवतात. बुश बदलला की थरथर निम्मी होते, सगळे खूश होतात, आणि डिस्क आपली झिजत राहते. बुश फाटलेला असेल तर बदलायचाच, पण डिस्क मोजून झाल्यावर.

ब्रेक ऑइलने थरथर येत नाही. घाटात पॅडल स्पंजासारखं मऊ होणं हा त्याचा दोष. ताज्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ आणि डॉट ४चा २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषला की तो अनुक्रमे १४० आणि १५५पर्यंत उतरू शकतो. दोन वर्षांनी बदला.

ब्रेक बसवणं

नवे किंवा घासलेले पॅड डिस्कवर एकसारखे बसायला हवेत. पहाटे किंवा संध्याकाळी, आठवडी बाजाराचा दिवस सोडून, मोकळ्या रस्त्यावर ६०वरून १०पर्यंत मध्यम ब्रेक दहा वेळा लावा. दोन ब्रेकांमध्ये अर्धा किलोमीटर तरी चालवा. मधे कुठेही पूर्ण थांबून पाय दाबून ठेवू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी छाप पडेल. थोडा जळका वास येईल, ते ठीक. धूर दिसला तर थांबवा. शेवटी आठ-दहा किलोमीटर ब्रेक न लावता गाडी थंड करा.

घरी आल्यावर चारही चाकांची ऊब तपासा. हाताने डिस्कला शिवू नका, रिमच्या जवळ तळहात धरला तरी कळतं. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर कॅलिपर अजून सुटत नाहीये. कपाळाला लावून ताप मोजायची बंदूक यासाठी चालत नाही, ती अंगाच्या तापमानापुरतीच असते.

पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा क्रमाने तपासा. तीन हजार किलोमीटरवर डायल परत लावता आली तर लावा: आकडा तिथेच असेल तर काम पक्कं, वाढत असेल तर बेअरिंग उघडा. पुढे दरवर्षी मिरगाच्या आधी पिना काढून ग्रीस करायच्या, आणि दिवाळीनंतर रिमच्या आत अडकलेली पावसाळ्याची माती खरवडायची.